स्थिती: सक्रिय

नाव: वैजंता-नाईकवाडी.माणूस
धारक: वैजंता गुरुनाथ नाईकवाडी, गडहिंग्लज
स्थिती: सक्रिय
मुदत: २१ फेब्रुवारी २०४४, सकाळी ११

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत या चार ओळी यायच्या. मी त्या वाचायचो आणि मग चहा ठेवायचो. मार्च महिन्यापासून हे रोज सकाळचं पहिलं काम होतं. पुढं दुपारीही बघायला लागलो. मग जेवायच्या आधी, जेवल्यावर.

वीज कंपनीत मी एकतीस वर्षं लाइनमन होतो. लिहायची सवय नाही. जे झालं ते क्रमानं सांगतो.

आमची मुलगी अक्षता पुण्यात नेटवर्कचं काम करते. आईचे दिवस झाल्यावर ती परत जायला निघाली, तेव्हा मी तिला म्हणालो, "तुझ्या आईचं ते इंटरनेटवरचं नाव आहे ना, त्याचं काय होतं आता?" तिनं माझ्या जुन्या संगणकावर ती काळी खिडकी उघडून दिली आणि एक शब्द लिहायला शिकवला. हूइज. पुढं जागा सोडायची, नाव लिहायचं आणि एंटर दाबायचं. बस.

"पप्पा, हे हत्यार फार जुनं आहे. एकोणीसशे ब्याऐंशीचं," ती म्हणाली.

म्हणजे माझ्याहून चारच वर्षांनी लहान. मला ते आवडलं. टेस्ट लॅम्पसारखं होतं. लावला की पेटतो किंवा पेटत नाही, मध्ये बडबड नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक लांबलचक आकडा असतो. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत म्हणून नावं ठेवली. आपण नाव लिहिलं की कुठंतरी एका वहीत बघून त्या नावामागचा आकडा शोधला जातो आणि आपण तिथं पोचतो. दुसरी एक वही आहे. नाव कोणाचं, कधी घेतलं, कधी संपणार हे तिच्यात लिहिलेलं असतं. ती वही सगळ्यांना खुली. हूइज त्या वहीला एवढंच विचारतं, हा कोण?

पूर्वी अशी नावं दुकानांची, कंपन्यांची असायची. दहा वर्षांपूर्वी माणसांची सुरू झाली. नावापुढं टिंब आणि मग 'माणूस'. पेन्शन, दवाखान्याचे कागद, सातबारा, सगळं त्या नावावर येतं. आणि त्या नावावर बसते तुमची जबाबी.

जबाबी म्हणजे तुमच्या वतीनं जबाब देणारं यंत्र. तुमचे सगळे निरोप, सगळे फोन ऐकून ते तयार होतं आणि तुमच्या आवाजात बोलतं. ते कुठल्या गावातल्या कुठल्या कपाटात ठेवलंय याला महत्त्व नाही. त्याला एक किल्ली असते आणि ती किल्ली नावाला बांधलेली असते. नाव ज्याचं त्याची किल्ली, आणि किल्ली ज्याची त्याचा तो आवाज.

वैजंता चोवीस वर्षं आशा सेविका होती. सुरुवातीला तिच्याकडं एक गाव होतं. जबाबी आली आणि तिच्यावर नऊ गावं आली. गरोदर बाया विचारायच्या, बाई, पाय सुजलेत, बाई, पोटात हलत नाही. जबाबी विचारपूस करायची, गोळी घेतली का बघायची, आणि गरज वाटली तर सांगायची, "मी उद्या येते." तसं सांगितलं की तिच्या फोनमधल्या डायरीत नोंद पडायची. संध्याकाळी वैजंता डायरी बघायची आणि सकाळी स्कूटरला किक मारायची. पाच वर्षं हे बिनघोर चाललं, कारण डायरी बघणारं माणूस होतं.

मार्चनंतर तिचा फोन मी कपाटात कपड्यांखाली ठेवला. आरोग्य खात्याला कळवलं, नगरपालिकेचा मृत्यूचा दाखलाही दिला. पण ते नाव खात्याचं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. नगरपालिकेचा दाखला आणि नावांची वही यांची अजून गाठ पडलेली नाही. वारसानं स्वतः कळवावं लागतं. मी कळवलं नाही.

तिच्या जबाबीशीही मी एकदाही बोललो नाही. फक्त बघत होतो. स्थिती: सक्रिय.

नऊ फेब्रुवारीला सकाळी अक्षताचा फोन आला.

"पप्पा, आईचं नाव टिपणाऱ्यांच्या यादीत आलंय."

"कसली यादी?"

"मुदत संपत आलेल्या नावांची. काही लोकांचा धंदाच तो असतो. नाव सुटलं की त्याच सेकंदाला उचलायचं. आईच्या नावासाठी एकशे चाळीस जण रांगेत आहेत. मला कळेना, आशाताईचं नाव एवढ्या लोकांना कशाला हवं. म्हणून खोलात गेले. या नावाची दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा चौकशी होतेय. एवढी आमदाराच्या नावाची होत नाही."

मी पडद्याकडं बघितलं.

"दर पाच मिनिटांनी. घड्याळ लावल्यासारखी. कोणाचं तरी यंत्र मागं लागलंय."

"यंत्र नाही," मी म्हणालो. "मी आहे."

ती म्हणाली, "म्हणजे?"

"तूच एक ओळ लिहून ठेवली होतीस ना, एखादी गोष्ट परत परत करायची असेल तर. ती लावली. स्वयंपाकघरातून पडदा दिसतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"पप्पा," ती म्हणाली. नंतर तिनं शांतपणे समजावलं. वही खुली आहे, पण कोण किती वेळा बघतंय हे लपून राहत नाही. चौकशी ज्यांच्या यंत्रांतून जाते, ते हे आकडे विकतात. ज्या नावाची एवढी चौकशी होते त्या नावाला माणसं धरून आहेत, असा अर्थ निघतो. "तुम्ही विचारत राहिलात म्हणून त्यांना वाटलं, या नावाला किंमत आहे."

"आहेच की."

"हो, आहे. म्हणून तर. मागच्या वर्षी एका वैद्याचं नाव असंच गेलं. आठ दिवसांत त्याच्याच आवाजात लोकांना कसल्या कसल्या पुड्या विकायला लागले. लोकांनी घेतल्या, कारण सांगणारा आवाज ओळखीचा. आई बायांना गोळ्या सांगते, पप्पा. पोटुशी बायांना."

मी विचारलं, मुदत वाढवता येत नाही का. ती म्हणाली, धारकाला येते. त्यानं हयातीचा दाखला द्यायचा, कॅमेऱ्यासमोर बसायचं, सांगितलं तशी मान वळवायची, पापण्या मिटायच्या. आम्ही पेन्शनवाले नोव्हेंबरात देतो तसा. तो आता देता येणार नव्हता. दुसरा रस्ता वारसाचा. वारसानं निधन कळवलं की नाव कायमचं राखून ठेवतात, कोणालाच मिळत नाही. जबाबी बंद होते. आणि दोन्ही केलं नाही, तर एकवीस तारखेला सकाळी अकरा वाजता नाव मोकळं.

"फॉर्म मार्चमध्येच पाठवलाय तुम्हाला," अक्षता म्हणाली. "तुम्ही भरणार का मी येऊ? मला वाटलं होतं, तुम्ही भराल. तुमचा हक्क पहिला."

"बघतो."

"अकरा महिने बघताय."

पाच मिनिटांची ओळ मी लगेच बंद केली. पण त्या दिवशी हातानं किती वेळा बघितलं ते मोजलं नाही. घरात बसवेना. भाजी आणायला गेलो आणि पिशवी तशीच घेऊन परत आलो. बसस्टँडपर्यंत चालत गेलो, तिथं कोणती बस बघायला आलो होतो ते आठवेना. घरी येऊन एंटर दाबलं. सक्रिय.

दुसऱ्या दिवशी मी किरणच्या सेवा केंद्रात गेलो. नोव्हेंबरात माझा दाखला त्यानंच भरला होता. मी आडून आडून विचारलं. त्यानं दार ओढून घेतलं.

"काका, काकींचे व्हिडिओ हायत न्हवं?"

"आहेत."

"मग झालं. मान हलवतो, पापण्या हलवतो. बोलायचं असंल तर बोलाय लावतो. तुमी एकटं न्हाई काका, लोकं सासऱ्यालापन जिवंत ठेवत्यात. पेन्शन असली म्हंजे."

मी त्याला अक्षताच्या लग्नातला तुकडा दिला. वैजंता त्यात मांडवाच्या शिडीवर चढलेल्या मला खालून ओरडते, "उतरा खाली, निवृत्त झालात तुम्ही." किरणनं तिचं तोंड कापून मोठं केलं. आवाज घालवला. मग यंत्राला सांगितलं, मान डावीकडे. तिनं मान डावीकडे वळवली. उजवीकडे. डोळे मिट. डोळे उघड. वैजंता आयुष्यात कोणाच्या सांगण्यावरून इतक्या मुकाट्यानं वळली नव्हती.

"फसक्लास," किरण म्हणाला. "पाठवू?"

मी म्हणालो, नको. पुसून टाक. तो म्हणाला, काका, विचार करा, अजून दहा-अकरा दिवस हायत. त्यानं पुसलं की नाही मला माहीत नाही. मी बाहेर आलो.

फॉर्म उघडून बसलो. पहिल्याच चौकटीत दिनांक मागितला होता. तारीख लिहिली, खोडली. संगणक बंद केला. परत चालू केला.

तेरा तारखेला सकाळी दाराची कडी वाजली. एक म्हातारी उभी होती. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. लांबून आलेली दिसत होती.

"बाईंचं घर ह्येच न्हवं?"

"होय. आपण?"

"म्या ठकूबाई येडगे. नेसरीच्या वरल्या अंगाला धनगरवाडा हाय, तिथली. बाई कुटं हायत?"

मी तिला आत बोलावलं. ती उंबऱ्याच्या आत येऊन जमिनीवरच टेकली. पाणी दिलं ते एका घोटात प्यायली.

"सुनंला आठवा लागलाय," ती म्हणाली. "पाय सुजल्यात, डोस्कं ठणाकतंय. बाईंस्नी इचारलं, तर सोमवारी म्हनल्या उद्या येऊन बीपी बघतो. मंगळवारी इचारलं, उद्या येतो. बुधवारी, उद्या येतो. आमी रोज वाट बघाय लागलाव. बाई कवा असं करीत न्हाईत. म्हनलं आजारी-बिजारी हायत का काय, म्हून उठून आलो. त्यांच्यासाटनं नाचणी आनलीया."

तिनं पिशवी पुढं केली.

घरात वैजंताचा हार घातलेला फोटो नव्हता. मी लावलाच नव्हता. भिंतीवर काही असतं तर म्हातारी बघूनच समजली असती आणि मला बोलावं लागलं नसतं.

"बाहेर गेल्यात," मी म्हणालो.

"कवा येतील?"

"सांगता येत नाही. लांब गेल्यात."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला तिथं उभं राहवेना. मी म्हणालो, "सुनेला दवाखान्यात न्यायला पाहिजे. माझ्याकडं स्कूटर आहे, पण तिला स्कूटरवर नको. मी गाडी बघतो. चला."

जीपवाल्याला घेऊन आम्ही वर गेलो. दीड तास लागला. ठकूबाई पुढं बसली होती, मी मागं. वाटेत ती जीपवाल्याला सांगत होती, बाईंनी तिच्या थोरल्या सुनेची दोन बाळंतपणं कशी निभावली, एकदा ओढ्याला पाणी असताना स्कूटर अलीकडं टाकून कशा चालत आल्या. मी ऐकत होतो. मला यातलं अर्धं माहीत नव्हतं. वैजंता घरी आल्यावर एवढंच म्हणायची, "आज पाय भिजले."

सून बावीस वर्षांची असेल. सानिका नाव. तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले. जीपमध्ये चढताना म्हणाली, "डोळ्याम्होरं चमकतंय." मग मला विचारलं, "काका, बाई दवाखान्यातच भेटतील व्हय?"

मी म्हणालो, चढ आधी.

दवाखान्यात नेल्या नेल्या त्यांनी तिला आत घेतलं. डॉक्टरबाईंनी बीपी बघितलं आणि नर्सला काय काय भराभर सांगितलं. अर्ध्या तासानं बाहेर आल्या. "झटके यायच्या बेतात होती," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन दिलंय. आता उतरेल असं वाटतं. तीन दिवस घरी का ठेवली हिला?"

ठकूबाई म्हणाली, "बाई येतो म्हनल्या व्हत्या."

"कोण बाई?"

"वैजंताबाई."

डॉक्टरबाई आत निघून गेल्या होत्या. त्यांच्यामागची वयस्कर नर्स थांबली. ती वैजंताला ओळखत होती. मलाही ओळखत होती, मार्चमध्ये घरी आली होती. ती ठकूबाईला म्हणाली, "आजी, असं काय बोलताय? वैजंताताईंना जाऊन वर्ष होत आलं की." मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तीही आत गेली.

आम्ही दोघं बाकावर बसलो. ठकूबाईनं पदर नीट केला.

"तू खोटं बोललास," ती म्हणाली.

"होय."

"माझी नात नाय तर नातू, आनि ही पोर, दोगं बी गेली असती."

"होय."

तिनं आतल्या दाराकडं तोंड फिरवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आमच्या कामात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. फिडर म्हणजे मुख्य लाइन बंद केली, काम करायचं परमिट हातात आलं, तरी तार मेली असं धरायचं नाही. कोणाच्या तरी गिरणीचा जनरेटर चालू असतो आणि त्याचा करंट उलटा तारेत येतो. आमच्या दौलत शिंत्रेचा हात असाच गेला. तिकडं सबस्टेशनात बोर्डावर बंद लिहिलेलं होतं, आणि तारेत जीव होता. मी रोज बघत होतो ते याच्या बरोबर उलट होतं. बोर्डावर सक्रिय लिहिलेलं, आणि मागं कोणी नाही. मी लाइनमन असून मला ते दिसलं नाही. टिपणारे एकवीस तारखेला येणार होते. त्यांच्या आधी अकरा महिने वैजंताच्या आवाजात बायांना फसवणारा मीच होतो.

तेवढ्यात ठकूबाईच्या पिशवीतला सुनेचा फोन वाजला. तिला कुठलं बटण दाबायचं कळेना. तिनं तो कानाला लावला, मग लांब धरला, आणि आवाज बाहेर आला.

"सानिका, पाय कसे आहेत आता? पाठीवर झोपू नको, डाव्या कुशीवर झोप. मी उद्या सकाळी येते."

ठकूबाईनं फोन माझ्यापुढं धरला. "घे," ती म्हणाली. "फोनातल्या बाईला म्हाईत न्हाई अजून. सांग तिला."

मी माझा फोन काढला. अक्षतानं पाठवलेला फॉर्म उघडला. तारीख लिहिली, सात मार्च. दाखला जोडला. खाली लिहिलं होतं: वारसानं जबाबीला स्वतःच्या तोंडानं निधन कळवावं. जबाबी चालू कामं उतरवून देईल आणि किल्ली परत करेल. मी बटण दाबलं.

"बोला," ती म्हणाली. वैजंता फोनवर हॅलो म्हणायची नाही. बोला, म्हणायची.

"मी आहे."

"अहो, कामात आहे मी. काय झालं?"

बाकासमोर एक माणूस फरशी पुसत होता. तो पुढं जाईपर्यंत मी थांबलो.

"वैजंता, तू वारलीस."

मला वाटलं, लाइन तुटली.

"कधी?"

"सात मार्चला. सकाळी छातीत दुखलं तुझ्या. इथं आणेपर्यंत..."

"आज तारीख काय?"

"तेरा फेब्रुवारी."

"म्हणजे अकरा महिने." ती हिशेब करताना बोलायची तसंच बोलली. "अकरा महिने मी बायांना येते म्हणून सांगतेय?"

"होय."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"येते म्हणून सांगतेस हे माहीत नव्हतं. डायरी मी उघडली नाही. पण बोलतेस हे माहीत होतं."

"मग बंद का नाही केलंत?"

"तुझं नाव यायचं. सक्रिय म्हणून. ते जायला नको होतं."

"आणि बायांचं काय?"

अक्षता म्हणते, पप्पा, ते यंत्र आहे, आई काय म्हणाली असती याचा अंदाज बांधून बोलतं. असेल. माझा अंदाज काही वेगळा नव्हता.

"असं करायला नको होतं तुम्ही," ती म्हणाली. "कागद आहे का जवळ?"

सानिकाचा केसपेपर होता. मी तो उलटा केला. नर्सकडून पेन मागून घेतलं.

"लिहा. ज्यांना शब्द दिलाय आणि ज्यांच्याकडं कोणी गेलं नाही, अशा सांगते. सगळ्यात आधी सानिका येडगे, धनगरवाडा."

"ती इथं आहे. दवाखान्यात. इंजेक्शन दिलंय, बीपी उतरतंय म्हणाले."

"बरं झालं. मग तिला नका लिहू. मेघा कुराडे, हेब्बाळ, सातवा, रक्त कमी आहे. शबाना मुल्ला, नूल, तिला साखर आहे, नवऱ्यासमोर बोलत नाही, त्याला बाहेर पाठवा आणि मग बोला. ऋतुजा कांबळे, हरळी, पहिलं गेलंय तिचं, फार घाबरते, तिला एकदम सांगू नका."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. एकूण चौदा झाल्या. मध्ये दोनदा तिनं मला परत वाचून दाखवायला लावलं. शबानाच्या घराची खूण मी चुकीची लिहिली होती.

"माझ्या जागी कोण आलंय?"

"माहीत नाही."

"विचारलंही नाही? ती बिचारी गावात फिरत असेल आणि बाया मलाच फोन करत असतील. तिचं नाव, नंबर घ्या आधी. प्रत्येकीला द्या. नुसतं बाई गेल्या म्हणून सांगून येऊ नका."

"नाही येणार."

"झालं मग. माझ्याकडचं एवढंच." मग म्हणाली, "तुमचं काही आहे का?"

अकरा महिन्यांत पुष्कळ साठलं होतं. ठकूबाई शेजारी बसून माझ्याकडं बघत होती. मी नाही म्हणालो. पडद्यावर विचारलं होतं, चालू कामं उतरवून घेतली का. मी होय दाबलं.

त्या संध्याकाळी मी अक्षताला फोन केला. तिनं माझ्या आधीच बघितलं होतं. "राखीव झालंय, पप्पा," ती म्हणाली. "एकशे चाळीस जण बसले बोंबलत." ती हसली आणि मग तिला हसता येईना. मी काळी खिडकी उघडली नाही.

नव्या आशाचं नाव प्रतीक्षा घाटगे. दवाखान्यातच नंबर मिळाला. पंचवीस वर्षांची पोरगी. मी फोन केला तर म्हणाली, "काका, दहा महिने झाले मी गावात जाते, बाया म्हणतात, आम्ही बाईंना विचारून सांगतो." ती येते म्हणाली. पण बातमी मीच सांगायची, हे आमचं ठरलं. तिनं सांगितली असती तर बायांना पटली नसती.

सानिकाला चौथ्या दिवशी मुलगी झाली, लवकरच झाली, काचेत ठेवलीय. ठकूबाईनं मला ती लांबून दाखवली. बोलली नाही, पण दाखवली.

एकवीस तारखेला सकाळी मी हरळीत होतो. यादीतलं ते दहावं घर. मी मुद्दाम मागं ठेवलं होतं. ऋतुजा कांबळे दारातच तांदूळ निवडत बसली होती. प्रतीक्षा रस्त्यावर स्कूटरपाशी थांबली. मी ऋतुजाला म्हणालो, मी वैजंताबाईंचा नवरा. ती उठून उभी राहिली, खुर्ची आणायला आत वळली. मी म्हणालो, खुर्ची नको, तूच बस. मग तिला दवाखान्यात कधी जाऊन आलीस, तारीख कोणती दिलीय, असं विचारलं. एकदम सांगायचं नव्हतं. पण किती वेळ विचारणार.

"बाई वारल्या," मी म्हणालो. "मागच्या मार्चमध्ये. तुझ्याशी बोलत होतं ते यंत्र होतं. ते चालू ठेवायला नको होतं. चूक माझी."

बाकीच्या घरांत बायांनी आधी विचारलं होतं, मग आता कोण. काहींनी मला बोल लावले, ते बरोबरच होते. हिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि रडायला लागली. आवाज न करता, पदर तोंडाशी धरून. माझ्यासमोर वैजंतासाठी असं कोणी रडल्याला बरेच महिने झाले होते. अक्षता रडायची ती फोन ठेवून.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "काय झालं होतं बाईंना?"

तेव्हा अकरा वाजून गेले असतील. मी तिला सांगायला लागलो. त्या सकाळी वैजंता उठली कधी, म्हणाली काय, चहा कसा गॅसवर तसाच राहिला, तिथपासून.